पहिल्या घोटाच्या आधी

"चांगला होता हो, संगत वाईट लागली." व्यसनमुक्तीच्या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. आई म्हणते, बायको म्हणते, मोठा भाऊ म्हणतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो शेजारीच खाली बघत बसलेला असतो, आणि पुष्कळदा तोही मान डोलावतो. संगतीवर ढकललं की पुढचं काही बोलावं लागत नाही. संगतीने पहिला पेला हातात येतो, हे खरं आहे. पण त्याच पार्टीतले बाकीचे चारजण घरी जातात, दुसऱ्या दिवशी कामाला जातात, महिनाभर बाटलीची आठवणही काढत नाहीत. हा एकटाच सकाळी देशीच्या दुकानाचं शटर कधी उघडतं म्हणून रस्त्याच्या कडेला थरथरत उभा असतो. तो एकटाच का, याचं उत्तर संगतीत मिळत नाही.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि लग्न होऊन ठाण्याला, वर्तकनगरला आले. तेव्हा म्हाडाच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती होत्या. एका बाजूला उपवन तलाव आणि येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पोखरण रोड ओलांडला की लोकमान्यनगर, सावरकरनगर, आणि पुढे वागळे इस्टेट. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. आमच्या भागातली निम्मीअधिक घरं त्या कारखान्यांवर जगायची. पाळ्या बदलायच्या वेळी रस्ते डबे घेतलेल्या माणसांनी भरून जायचे. मग एकेक कंपनी बंद होत गेली. १९२५ पासूनचा रेमंडचा ठाण्यातला कारखानाही २००९ मध्ये थांबला. कारखान्यांच्या जागी मॉल, आयटी पार्क आणि टॉवर आले. कामगारांचं पुढे काय झालं याची कुठे नोंद नाही. त्यातले काहीजण आमच्या गटात आले, तेवढे मला माहीत आहेत.

गट म्हणजे फार मोठं काही नाही. एका मंडळाने संध्याकाळी वापरायला दिलेली खोली, सतरंज्या, चहाचा थर्मास. एका दिवशी व्यसनी माणसं बसतात, दुसऱ्या दिवशी घरची माणसं. औषधोपचारासाठी आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. ठाण्याचं मनोरुग्णालय आहे, पुण्याचं मुक्तांगण आहे. अनिल अवचटांनी 'गर्द' या अमली पदार्थावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे हादरले, पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाखाची देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं. आमच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. व्यसनी माणसाशी मान राखून बोलायचं असतं, हे मराठी घरांमध्ये पोचवण्यात या लोकांचा वाटा फार मोठा आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणींनी त्यांच्या भाषणांमधून, पुस्तकांमधून आणि त्यांच्याकडून बऱ्या होऊन आलेल्या माणसांकडून हे काम शिकून घेतलं.

गटात एक फिटरकाका यायचे. वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडली, देणी अर्धवट मिळाली, आणि दारू वाढली. घरच्यांच्या मते कारण उघड होतं. काकांच्याही मते तेच होतं. उपचार झाले, दारू सुटली, त्यांना एका सोसायटीत पंप बघायचं कामही मिळालं. पण वर्षातून एकदा हमखास स्लिप व्हायची. वर्षभर थेंब नाही, आणि मग एकदम आठवडाभर घराबाहेर. बायको म्हणायची, "गटारी आली की ह्यांना राहवत नाही." आषाढ अमावास्येच्या आसपास सगळीकडेच बाटल्या फुटतात, त्यामुळे ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

मी प्रत्येकाच्या स्लिपच्या तारखा लिहून ठेवते. काकांच्या तारखांचा मेळ बसत नव्हता. एका वर्षी जुलैचा मध्य, एका वर्षी ऑगस्टची सुरुवात. एकदा त्यांच्या घरी बसले असताना भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी त्या तारखा तिथीने लावून पाहिल्या. सगळ्या आषाढातल्या, वद्य पक्षातल्या, पण अमावास्येच्या आठ-दहा दिवस आधी सुरू होणाऱ्या. गटारीच्या दिवशी तर ते शुद्धीवरही नसायचे. मी काकांना विचारलं, "आषाढ वद्यात तुमच्याकडे काय झालं होतं?" ते उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "धाकट्याचं श्राद्ध असतं."

कोकणातल्या त्यांच्या गावी, ते अकरा वर्षांचे असताना, धाकट्या भावाला घेऊन ते पऱ्यावर गेले होते. आषाढातलं पाणी वरून कधी उतरेल सांगता येत नाही. हात सुटला. संध्याकाळी ओल्या अंगाने एकटे घरी आले तेव्हा आई म्हणाली, "तू कसा आलास मग?" पुन्हा ती माउली कधी एका अक्षराने काही बोलली नाही. पण ते एक वाक्य काका पन्नास वर्षं ऐकत होते. सोळाव्या वर्षी मुंबईला आले, खोलीवरच्या लोकांबरोबर पहिल्यांदा प्यायले. त्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "ताई, त्या रात्री पहिल्यांदा आईचा आवाज बंद झाला."

कंपनी बंद पडणं ही त्यांच्या आयुष्यातली दुसरी घटना होती. पण ती लोकांना दिसली. चाळीस वर्षं दारू जे झाकत होती ते कुणालाच दिसलं नव्हतं, लग्नाच्या बायकोलाही नाही. पुढच्या आषाढात आम्ही आधीच तयारीला लागलो. ते बायकोला घेऊन गावी गेले, श्राद्धाला स्वतः बसले, आणि भावाचं नाव घरात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं. त्या वर्षी स्लिप झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी झाली. नंतर नाही.

तेव्हापासून मी माणसांना विचारायचा पहिला प्रश्न बदलला. किती पिता, कधीपासून पिता, हे डॉक्टर विचारतातच, आणि त्यांनी ते विचारायलाच हवं. मी विचारते, दारूने तुमचं कोणतं काम केलं? सुरुवातीला माणसं गोंधळतात. दारूने वाटोळं केलं एवढंच बोलायची त्यांना सवय असते. मग हळूहळू उत्तरं येतात. झोप दिली. साहेबासमोर उभं राहायचं बळ दिलं. बायकोशी बोलता आलं. रडता आलं. एक रिक्षावाला म्हणाला, "दिवसभर मी कोणीच नसतो. दोन क्वार्टर झाल्या की कोणीतरी असतो." या माणसांचं काय दुखत होतं ते या उत्तरांतून कळतं, आणि दारू काढून घेतल्यावर ते काम दुसऱ्या कशाने करायचं हेही त्यातूनच ठरवावं लागतं.

निवृत्त बेलिफ असलेले एक आजोबा गटात होते. नाटकांचे फार शौकीन. एकदा बोलणं 'एकच प्याला'वर आलं. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, आणि सिंधूचे हाल व तळीरामाचा नाठाळपणा मराठी माणसाला तेव्हापासून पाठ आहे. आजोबा म्हणाले, "सुधाकराला तळीरामाने पाजली असं सगळे म्हणतात. पण त्या दिवशी कोर्टात अपमान होऊन त्याची सनद गेली नसती, तर तळीराम काय करणार होता?" खोलीत कुणीच काही बोललं नाही. आजोबांनी स्वतः कोर्टात आयुष्य काढलेलं. चारचौघांत झालेला अपमान माणसाचं काय करतो ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि एकदा सोसलंही होतं. गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी संगत आणि जखम दोन्ही एकाच अंकात ठेवल्या होत्या. आपण संगत तेवढी लक्षात ठेवली.

जगभरातल्या संशोधकांनाही हे वेगवेगळ्या वाटांनी सापडलं आहे. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण पाहणं, घरात कुणी व्यसनी किंवा मनोरुग्ण असणं. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी वाढलेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा माग घेतला. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. हेरॉइन तेच, शरीरं तीच. भोवतालचं युद्ध मात्र संपलं होतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या रस्त्यांवरच्या व्यसनी माणसांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. गाबोर माटे यांची सगळी मांडणी वेदनेपासून सुरू होते.

पण म्हणून प्रत्येक दुःखी माणूस पितो असं नाही, आणि प्रत्येक पिणाऱ्याच्या मागे एखादा पऱ्या असतो असंही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. दुकान दोन मिनिटांवर आहे की दोन तासांवर, यानेही फरक पडतो. मला स्वतःला अशी माणसं भेटली आहेत ज्यांचं बालपण सुखाचं गेलं, नोकरी चांगली होती, आणि मौजेने सुरू केलेल्या पिण्याने मेंदूचा कबजा घेतला. त्यांची वेदना नंतर आली, दारूच्याच पोटातून. सकाळी उठून आरशात न बघता येण्याची, मुलीच्या शाळेत पालकसभेला न जाता येण्याची. व्यसनाआधी जखम नसली तरी व्यसन ती करतंच, आणि मग त्या जखमेवर पुन्हा तोच उपाय चालू राहतो.

दुःखाबद्दल बोलायची योग्य वेळ कोणती, हे मला एका उच्चशिक्षित गृहस्थांमुळे उमगलं. बोर्डिंग शाळेत घालवलेल्या बालपणाबद्दल, वडिलांच्या कोरडेपणाबद्दल ते असं काही बोलायचे की गटातल्या सगळ्यांचे डोळे भरून यायचे. आणि घरी जाताना ते वाटेतल्या बारमध्ये थांबायचे. काही आठवड्यांनी मी त्यांना म्हणाले, "आधी दारू थांबवा. मग ऐकू." ते भयंकर रागावले. मानसिक वेदना न समजणारी बाई, असं तोंडावर बोलून निघून गेले. पुढे त्यांची तब्येत ढासळली, घरच्यांनी त्यांना मुक्तांगणला नेलं, पस्तीस दिवस राहून ते परत आले आणि पुन्हा गटात बसू लागले. मग जी हकिगत आली ती निराळीच होती. वडिलांचं नाव क्वचितच निघायचं. बोलणं यायचं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीवर, तिच्या दहावीच्या वर्षी त्यांनी काय काय केलं त्यावर. ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चांगला लागत नव्हता, वाक्यं तुटत होती. पिताना सांगितलेलं दुःख पुष्कळदा पुढच्या पेल्याची तयारी असतं. शुद्धीत सांगितलेलं दुःख अंगावर येतं, आणि ते पेलायला शेजारी माणसं लागतात. १० जून १९३५ ला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन या दोन दारुड्यांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) सुरू केली ती याच गरजेतून. आजही ठाण्यातल्या एखाद्या शाळेच्या वर्गात मीटिंग असते, तिथे कुणी कुणाला उपदेश करत नाही. स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि फक्त आजचा दिवस काढायचा.

थांबवणं घरच्या घरी करायचं नसतं, हे इथेच लिहिते, कारण या अज्ञानापायी माणसं गेली आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात, माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागतो. यात जीव जातो. मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा माझा फोन दिवसरात्र वाजत होता. चांगलंच झालं, आता सुटेल, असं घरच्यांना आधी वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी तेच लोक घाबरून रुग्णवाहिका शोधत होते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायल्याने माणसं दगावली. हौसेने पिणारा माणूस सॅनिटायझरला हात लावत नाही.

अशीच एक धोक्याची गोष्ट घराघरात चालते. 'त्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती बघून, किंवा कुणीतरी दिलेली चिठ्ठी दाखवून, बायका नवऱ्याच्या आमटीत अँटाब्यूजची गोळी कुटून घालतात. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की छाती धडधडते, श्वास कोंडतो, रक्तदाब पडतो. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीने पीत नाही, हाच त्या औषधाचा उपयोग. ज्याला माहीत नाही तो पितो आणि मरायला टेकतो. आमच्याकडे आलेल्या एका वहिनींच्या नवऱ्याला असंच हॉस्पिटलात न्यावं लागलं. तो वाचला. त्यांनी हे का केलं असं मला कुणी विचारू नये. अकरा वर्षं ज्या बाईने पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभं राहून घर चालवलं, तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

याच वहिनींनी मला घरच्यांच्या दुःखाचा एक निराळा भाग दाखवला. नवऱ्याने रीतसर उपचार घेतले, दारू सुटली, सहा महिने झाले, आणि वहिनी आजारी पडल्या. अंगदुखी, रडू, झोप नाही. नवरा वेळेवर घरी येतोय, पगार हातात देतोय, आणि ह्या त्याच्यावर पूर्वीपेक्षा जास्त खेकसतायत. सासू म्हणाली, हिलाच आता सुख बघवत नाही. गटात एके दिवशी त्या म्हणाल्या, "तो प्यायचा तेव्हा मला रागवायला वेळ होता, घाबरायला वेळ होता. माझं लग्न कसं गेलं हे बघायला वेळ नव्हता. आता मिळालाय." मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, आणि एएच्या जोडीला अल-अनॉन आहे, ते एवढ्यासाठीच. पिणारा थांबला की घर लगेच हसरं होतं ही समजूत फार त्रास देते. इतकी वर्षं बाजूला सारलेलं सगळं दुःख तेव्हा पहिल्यांदा खोलीत येऊन बसतं.

आणि मुलं. तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक चौदा वर्षांची मुलगी मला म्हणाली होती की बाबांचं पाऊल जिन्याच्या पहिल्या वळणावर कसं पडतं यावरून किती झालीय ते तिला कळतं. मग ती धाकट्याला अभ्यासाला बसवायची, आईला गॅस बंद करायला सांगायची, टीव्हीचा आवाज कमी करायची. शाळेत ती फार समजूतदार म्हणून नावाजलेली होती. फेलिट्टी आणि अँडांच्या यादीतला एक आघात म्हणजे नेमकं हेच घर. आज जी मुलगी पावलं मोजते, तिच्याकडे उद्यासाठी आत्ताच लक्ष द्यायला हवं, हे आमच्या मंडळातल्या लोकांना पटवायला मला बराच काळ लागला. ती काही पीत नाही ना, मग तिला काय झालंय, असा प्रश्न यायचा.

बायकांच्या व्यसनाबद्दल थोडकंच लिहिते, कारण त्या आमच्यापर्यंत फार कमी पोचतात. लोकमान्यनगरच्या वस्तीत पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो. ती मशेरी. चार घरची कामं करणाऱ्या एका मावशींना दिवसातून सहा-सात वेळा ती लागायची. हिरड्या खराब झालेल्या, डॉक्टरांनी बजावलेलं. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मशेरी लावते ती पाच मिनटं मला कोणी हाक मारत नाय. तोंड भरलेलं असतं ना." पाच मिनिटं कुणी हाक मारू नये यासाठी त्यांच्या दिवसात दुसरी जागाच नव्हती. त्यांची मशेरी कमी झाली ती सुनेने संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतल्यावर.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं आहे. पूर्वी दारू, गांजा, क्वचित गर्द. आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. सरकारने २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, तरी ते मिळायचं थांबलेलं नाही. येऊरच्या रस्त्याला रात्री गाड्या लागतात, आणि त्यात विशीतली मुलं असतात. लोकांना वाटतं, ही चैनीची थेरं. एका मुलाला त्याची आई घेऊन आली. हसरा, तरतरीत, केसांना जेल लावलेला. मौज म्हणून घेतो, कधीही सोडेन, असं म्हणाला. चौथ्या भेटीत तो झोपेबद्दल बोलू लागला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, त्याचे वडील गेले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. बेड शोधणं, ऑक्सिजन, इंजेक्शनासाठी रांगा, शेवटी स्मशानात नंबर लावणं, सगळं त्याने केलं, कारण आई आणि आजी घरात पॉझिटिव्ह होत्या. चेहरा लांबून बघायला मिळाला. दहाव्याला आलेल्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता तूच घरातला पुरुष. रडायचं नाही." तो रडला नाही. पण झोपला की तो वॉर्ड दिसायचा, मॉनिटरचा आवाज यायचा. एमडी घेतली की दोन-दोन रात्री झोप येत नाही. त्याला मजा नको होती. त्याला झोप नको होती.

हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. माय-लेक एकाच घरात राहून वडिलांबद्दल बोलत नव्हते, एकमेकांना त्रास नको म्हणून. तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागला, मध्ये दोनदा घसरला, आता बऱ्यापैकी सावरला आहे. अजूनही मे महिना आला की मी त्याला स्वतःहून फोन करते.

एम्सने केलेलं देशपातळीवरचं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कोणत्याही प्रकारची मदत मिळते. बाकीचे सदतीस कुठे असतात, हा प्रश्न मला वर्तकनगरात चालताना पडतो. जुन्या इमारतींच्या जागी आता पुनर्विकासाचे टॉवर उभे राहतायत. पूर्वी जिन्याच्या वळणावर बसून पिणारा माणूस सगळ्या मजल्यांना माहीत असायचा. त्याची लाज वाटायची, शिव्या बसायच्या, पण कुणीतरी शेजारी त्याला उचलून घरी आणायचा आणि कुणीतरी त्याच्या बायकोला आमचा पत्ता द्यायचा. आता दार बंद, एसी चालू, बाटली घरातच. माणसं आमच्याकडे येतात तेव्हा यकृत गेलेलं असतं. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे. फोन करायला कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून हे नंबर आम्ही लिफ्टमध्ये लावायला देतो. काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी कागद काढलेला असतो.

सध्या आमची खोली ज्या इमारतीत आहे ती पाडली जाणार आहे, त्यामुळे नवी जागा शोधणं चालू आहे. गेल्या महिन्यात एका मोठ्या टॉवरच्या सेक्रेटरींना भेटले. सोसायटीचं ऑफिस आठवड्यातून एक संध्याकाळ मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं, पण आमच्याकडे तसलं कोणी नाही." त्यांच्याच टॉवरमधल्या दोन बायका आमच्या गटात येतात. एकमेकींना दिसू नये म्हणून दोघींनी वेगवेगळे वार मागून घेतले आहेत. मी सेक्रेटरींना तसं काही सांगितलं नाही. पुन्हा भेटायला वेळ तेवढी मागून घेतली आहे.